नंबर मिळाला, कागद नाही

सुनेचा कीबोर्ड मी पहिल्यांदा उलटा करून झटकला तेव्हा त्यातून शेवेचे तुकडे पडले, केस पडले, नखं पडली आणि मेलेल्या मुंग्या पडल्या. त्याच खटक्यांवर बोटं चालवून ती दिवसभर लोकांचे फॉर्म भरायची आणि त्याच बोटांनी भाकरी मोडायची. मी जन्मभर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम केलं. घासल्याशिवाय पातेलं चुलीवर चढवलं नाही. ती घाण बघून मला दोन घास जेवण गेलं नाही.

पण त्या घाणीची सांगण्यासारखी गोष्ट नाही. एका मुलीचं हॉलतिकीट माझ्या हातून अडकलं होतं आणि तिची नाशिकची गाडी सुटायची वेळ झाली होती, ते सांगायचं आहे. त्यातली घाण झटकून जाणारी नव्हती.

जव्हारला डेपोकडून वर येणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. पुढच्या खोलीत सुनेचं दुकान. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन. मुलगा वसईला कंपनीत असतो, शनिवारी येतो आणि झोपतो. पावसाळा सरत आला तेव्हा सुनेची आई खोडाळ्याला घसरून पडली, खुबा मोडला. सून म्हणाली, "आई, महिनाभर दुकान बंद ठेवू." मी म्हटलं, "का? मी मेले का?" तिने माझ्याकडे बघितलं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं मला पिठाच्या आणि तेलाच्या डब्यांवरून ओळखीची, तेवढीच. तरी तिने चावी ठेवली आणि गेली. तिला वाटलं असेल, म्हातारी दोन दिवसांत कंटाळेल.

तिसऱ्या दिवशी प्रिंटर मेला. आत ऊब असते म्हणून पालीने घर केलं होतं. उघडलं तर पाल आतल्या रुळांत सापडून चपटी झालेली, आणि शाई सगळी तिच्या अंगाला. चिमट्याने काढली. मग मुलाने वसईहून कोणाचा तरी वापरलेला प्रिंटर आणून दिला आणि तो लावून न देताच परत गेला, कारण सोमवारी ड्युटी.

लावून दिला भाचीने, तोही फोनवरून. भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. ठाण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. आमच्या कॉम्प्युटरमधली आधीची सिस्टिम लोकांच्या पेनड्राइव्हमधल्या रोगराईने बसली, तेव्हा तिनेच फुकट मिळणारी दुसरी टाकून दिली होती. लिनक्स म्हणतात. चांगली आहे, पण यंत्र जुनं. माऊसने प्रिंटवर टिचकी मारली की सगळं गोठायचं. म्हणून भाचीने सांगितलं की छापायचं काम काळ्या खिडकीतून लिहूनच करायचं.

"मामी, काळी खिडकी उघडलीस?"

"उघडली. आत कोणी नाही."

"आत कोणी नसतंच. लुकलुकणारी चौकट दिसते का?"

"दिसते. डोळ्यात खुपते."

"तिथे लिहायचं. आधी त्याला विचारू, वायरींना काय काय जोडलंय."

ती एकेक अक्षर सांगायची, मी शोधून दाबायची. उत्तर म्हणून ओळी आल्या. त्यातली यूएसबीने सुरू होणारी लांबलचक ओळ मला जशीच्या तशी उतरून काढायला लावली. तेवढ्यात वरण उतू गेलं.

"आता नाव दे."

"कोणाला?"

"प्रिंटरला. त्याच नावाने पुढे हाक मारायची. मध्ये जागा सोडू नकोस."

"चूल."

"चूल कशाला गं मामी?"

"पेटली तर पेटते. नाहीतर नुसता धूर."

ती हसली. मग यंत्राने पासवर्ड मागितला. मी दाबते आहे आणि पडद्यावर काहीच उमटत नाही.

"काही येत नाही इथे."

"येत नसतंच. लिही तू."

"चोरासारखं?"

"चोर बघू नये म्हणून."

अशी चूल लागली. मग छापायचा हुकूम. एलपी, जागा, फाइलचं नाव. बस. खाली एक ओळ आली. भाचीने वाचायला लावली. चूल, आडवी रेघ, एक.

"हे काय?"

"तुझ्या कामाचा नंबर."

"आवक क्रमांक."

"हो, तसंच समज."

कागद सरसर बाहेर आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सगळे हुकूम मी वसतिगृहाच्या जुन्या शिध्याच्या वहीत मागच्या पानांवर उतरून ठेवले. मधल्या शिवणीत अजून हळद आहे.

आता माझी एक सवय. आमच्या पठारावर ढग गुरगुरला की आधी हात प्लगकडे जातो. आमचाच नाही, सगळ्या जव्हारचा. कपडे भिजले तरी चालतील, प्लग आधी काढायचा. आमच्या शेजाऱ्यांचा टीव्ही विजेने जळला तेव्हा घरभर आठवडाभर केस जळल्यासारखा वास होता. शिवाय मी स्वयंपाकीण. कामाशिवाय पेटलेलं काही राहिलेलं मला चालत नाही. दुपारी आडवं पडायच्या आधी मी प्रिंटरचा प्लग उपटायची. कॉम्प्युटरला आतून बॅटरीचा डबा जोडलेला आहे, तो चालू राहायचा. आठवडाभर असंच केलं, काही बिघडलं नाही.

त्या दिवशी सकाळीच गुरगुरलं. परतीचा पाऊस दिवसातून केव्हाही येतो. मी प्लग काढला. पाऊस आलाच नाही, पण बाजारपेठेकडची लाईट गेली. आमच्या आळीची होती. मग तिकडची सगळी गिऱ्हाईकं आमच्या ओट्यावर.

पहिला आला तो एक मास्तर. शाळेच्या मुलांची यादी, चाळीस पानं. तोंडात पुडी. बोलताना ती गालात सरकवायचा आणि लाल थेंब ओठांवर यायचा. मी एलपीचा हुकूम दिला, नंबर आला, चूल अठरा. कागद काही येईना. मग आठवलं, प्लग. लावला. प्रिंटरचा हिरवा दिवा लागला. तरी कागद नाही.

"परत मारा आजी," मास्तर म्हणाला.

परत मारला. चूल एकोणीस. तो म्हणाला, अजून एकदा. चूल वीस. प्रिंटर गप्प.

इथे मी काय केलं ते लिहिताना आजही तोंड कडू होतं. मी म्हटलं, "नंबर लागलाय. बसा, येईल." आणि चिठ्ठीवर त्याचा नंबर लिहून दिला. का? कारण जन्मभर मी स्वतः अशा चिठ्ठ्या घेऊन बाकड्यांवर बसले. पेन्शनीच्या वेळी एका टेबलावरच्या माणसाने माझा अर्ज घेतला, नंबर दिला, म्हणाला बसा. किती खेपा बसले ते मोजलं नाही. अर्ज त्याच्याच ढुंगणाखालच्या गठ्ठ्यात होता. त्या माणसाची मला अजून शिसारी येते. आणि मला खुर्ची मिळाल्यावर सकाळभरात मी तसंच बोलायला लागले, त्याच आवाजात.

मास्तरामागून एक बाई आली, जातीच्या दाखल्याची प्रत हवी. एकवीस. मग एकजण बँकेच्या फॉर्मसाठी. बावीस. सगळ्यांना चिठ्ठ्या. सगळे बाकड्यावर. मास्तर पिचकारी टाकायला उठायचा, माझ्या तुळशीच्या कुंडीमागे जायचा आणि परत येऊन बसायचा.

एक वाजता ती मुलगी आली, बापाला घेऊन. मुलगी इथल्या कॉलेजला, होस्टेलवर राहते; पैसे घेऊन बाप येईपर्यंत थांबली होती. बाप खोडाळ्याच्या पलीकडून आला होता. चप्पल नवीन, चावत होती म्हणून हातात धरलेली. मुलीने फोनवरून हॉलतिकीट दुकानाच्या मेलवर पाठवलं. नर्सिंगची परीक्षा, दुसऱ्या दिवशी नाशिकला. सातला आत घेणार. दोनची गाडी डेपोतून सुटते, ती मिळाली तर पोचणार. त्यानंतर नाशिकची गाडी थेट दुसऱ्या दिवशी सकाळी.

मी हुकूम दिला. चूल तेवीस. चिठ्ठी लिहिली. बापाने ती दोन्ही हातांनी घेतली, नीट घडी केली, खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाशेजारी ठेवली.

"भेटला नंबर," तो मुलीला म्हणाला. "आता बस निवांत."

तो बसला. मुलगी उभीच. भिंतीवरचं घड्याळ बघायची, प्रिंटर बघायची. मास्तर मध्येच म्हणाला, "अगं, नाशिकला काढ की. तिथं ढिगाने दुकानं आहेत."

बाप म्हणाला, "घाट बंद, गाडी फिरून जाते. नाशकाला उतरू तेव्हा काळोख, दुकानं बंद. सकाळी सातला आत घेतात. तेव्हा कोण दुकान उघडून बसेल?"

"मग लवकर यायचं."

"लवकरच निघालो होतो, सर. नदीवर गाडी थांबली."

मास्तराने मान हलवली, जशी मुलं धडा न करता आल्यावर हलवत असेल. एक वाजून वीस मिनिटं झाली. मुलगी माझ्या टेबलापाशी आली. आवाज बारीक, पण नजर सरळ.

"आजी, नंबर दिला म्हणजे छापलं असतं का?"

"छापणार म्हणून तर नंबर दिला."

"मघापासून एक पण कागद नाय आला. सरांचा पण नाय."

बाप मागून बोलला, "त्रास नको देऊ बाय त्यांना. नंबर दिलाय त्यांनी."

तो माणूस गाडी सुटेपर्यंत बसला असता. गाडी सुटल्यावर उठला असता, चिठ्ठी मला परत दिली असती आणि माझ्या पाया पडून गेला असता. मला हे स्वच्छ दिसलं. मी फोन उचलला.

भाची कुजबुजत बोलली. "मामी, मीटिंगमध्ये आहे."

"असू दे. चूल नंबर देते, कागद देत नाही."

"एलपीस्टॅट लिही. मग आडवी रेघ आणि पी."

लिहिलं. ओळ आली. ती अक्षर अक्षर वाचून दाखवली.

"डिसेबल्ड. मामी, तू छापायला सांगितलंस तेव्हा प्रिंटर बंद होता?"

"प्लग काढलेला. ढग होता."

ती म्हणाली, "एकदा त्याला प्रिंटर सापडला नाही की तो काम थांबवतो. प्लग लावलास तरी थांबलेलाच राहतो, कोणी चालू कर म्हणेपर्यंत."

"मग नंबर कशाला देतो मेला?"

"घेणं वेगळं आणि छापणं वेगळं, मामी. घ्यायचं दार उघडंच असतं. छापायचं बंद झालंय. दोन्हीला वेगवेगळे हुकूम आहेत."

म्हणजे ज्याने कोणी हे बनवलं, त्याने कचेरीच आत भरून ठेवली होती. अर्ज घ्यायचा, नंबर द्यायचा, आत कोणी काम करत नाही हे मात्र विचारल्याशिवाय सांगायचं नाही. मी त्या यंत्राला एक शिवी दिली. मास्तराने वर बघितलं.

भाचीने चालू करायचा हुकूम सांगितला. पासवर्ड चोरासारखा लिहिला. प्रिंटर खाकरला आणि कागद ओढायला लागला. बाकड्यावरचे सगळे उठले. पहिलं पान आलं, मास्तराच्या यादीचं. दुसरं, त्याच यादीचं. मास्तर थुंकीने अंगठा ओला करून पानं मोजायला लागला. दमट कागद, प्रत्येक पानाला प्रिंटर दम खातो. चाळीस पानं, त्याच्या तीन प्रती, मग दाखला, मग बँक, मग मुलगी. घड्याळात दीड वाजून गेलेला.

"हिचं पुढे कसं घ्यायचं?" मी फोनमध्ये विचारलं.

"चालू आहे ते रद्द करावं लागेल. मग हिच्या नंबरला जोर द्यायचा. एक ते शंभर. शंभर दिलेस की ती सगळ्यांच्या पुढे."

"लाईन तोडायची सोय यंत्रात पण आहे?"

"ती तर पहिल्यापासून असते, मामी."

मास्तराने ऐकलं. "ओ आजी, रद्द काय रद्द? माझा नंबर अठरा. सगळ्यात आधी मी बसलोय."

"बसा अजून."

"असं कसं? नियम असतो काही. मी शिक्षक आहे."

"म्हणूनच सांगते. पोरीची परीक्षा आहे. तुमची यादी उद्याही यादीच राहील."

"मग नंबर दिलात कशाला?"

तो बोलला ते बरोबर होतं, आणि तोंडात पुडी असलेला माणूस बरोबर बोलतो याचा मला जास्त राग आला. मी अठरा रद्द केला. एकोणीस रद्द केला. वीस रद्द केला. एकेका अक्षराला बोट शोधत. प्रिंटरने अर्धं पान तोंडात धरून ठेवलं होतं, ते ओढून काढलं, फाटलं. मग तेवीसला शंभर दिले. चूक झाली, अक्षर राहिलं. पुन्हा लिहिलं. मुलगी माझ्या खांद्याशी उभी, श्वास लागत होता मानेला.

हॉलतिकीट बाहेर आलं. तिचा फोटो काळपट आला, पण चेहरा ओळखू येत होता. दोनला पंधरा मिनिटं. डेपो उताराचा, पाच मिनिटांचा.

"चल बाबा," मुलगी म्हणाली.

बाप हलेना. "बाय, तीन काढा."

"एकच लागते बाबा."

"एक साहेब ठेवून घेतो. एक हरवते. एक घरात पाहिजे. तीन काढा बाय."

मला माहीत आहे हे. आमच्या इकडच्या सगळ्या घरांत असंच. कोणताही कागद तीन, आणि तिसरा आढ्याला टांगलेल्या पिशवीत, चुलीच्या धुरात, वाळवी लागू नये म्हणून. कागद दिला आणि हरवला म्हणणाऱ्यांनीच त्यांना हे शिकवलं. मुलीचे डोळे भरून आले. मी वाद घातला नाही. वाद घालायला जेवढा वेळ गेला असता तेवढ्यात दोन प्रती निघणार होत्या. एलपी, आडवी रेघ, एन, दोन, फाइलचं नाव, आणि पुन्हा शंभर. मास्तर मोठ्याने हसला, वाईट हसला. "आता तीन का. घ्या."

दोन पानं आली. बापाने तिन्ही पिशवीत घातली. नवी चप्पल हातात घेऊन दोघं उतरणीला लागली. तीन पावलांवरून बाप परत आला. पिशवी उघडली. मला वाटलं काही राहिलं. त्याने माझी चिठ्ठी काढली, तेवीस लिहिलेली, आणि टेबलावर ठेवली.

"हा तुमचा नंबर, बाय."

आणि पळाला, अनवाणी.

मास्तराची यादी मी नंतर एकदाच छापून दिली. फाटलेलं पान त्याने पुन्हा मागितलं. दिलं. तो गेल्यावर कुंडीमागची भिंत राखेने आणि काथ्याने घासली. डाग गेला नाही, अजून आहे. बाकीच्यांचे कागद देऊन झाल्यावर चिठ्ठ्या गोळा केल्या आणि पाणी तापवायच्या चुलीत टाकल्या.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. तिने एक हुकूम दिला, की प्रिंटर सापडला नाही तर काम सोडून बसू नकोस, थोड्या वेळाने परत बघ. असा हुकूम देता येतो. मग पहिल्यापासून का दिला नव्हता, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मामी, तू प्लग काढशील असं मला कुठे माहीत?"

"ठाण्याला ढग येत नाहीत?"

"येतात. पण प्लग काढू नकोस आता."

"ढग आला तर काढणार."

वहीत तो हुकूम लिहून घेतला. त्याखाली एलपीस्टॅटचा लिहिला आणि भोवती चौकट केली. आता कोणाचाही कागद टाकला की आधी तो मारून बघते, चूल चालू आहे का. सून परत आली तेव्हा म्हणाली, आई, प्रत्येक वेळी कशाला बघता. मी म्हटलं, बघायचं. नंबरावर भरवसा ठेवायचा नाही, तो माझा असला तरी.

आठेक दिवसांनी तो बाप पुन्हा आला. घराच्या उताऱ्याची प्रत हवी होती. चप्पल आता पायात होती. मी विचारलं, गाडी मिळाली का. "भेटली. सुटताना भेटली. पोरीने पेपर लिहिला." पुढे काय झालं ते त्यालाही माहीत नव्हतं, निकाल लागायचा होता. मी जास्त विचारलं नाही.

मी त्याचा कागद प्रिंटरच्या काचेवर ठेवला. तो हात पुढे करून उभा राहिला.

"काय?"

"नंबर."

"नंबर बंद केले. कागदच घ्या थेट."

तो हसला नाही. बाकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग बसू कशाच्या जोरावर, बाय?"

"नका बसू. इथे उभे राहा, बघत."

तो प्रिंटरला टेकून उभा राहिला, कागदाच्या तोंडावर नजर ठेवून. तीन निघेपर्यंत पापणी हलवली नाही त्याने.